अक्षरांमधील जागा : चित्रकार बेन शान

सेमिनरीत आम्हांला हिब्रू शिकविणारे वयोवृद्ध प्राध्यापक पहिल्या तासाला फळ्यावर एकच अक्षर काढीत आणि खडू खाली ठेवीत. ते अक्षर योद. दिसायला स्वल्पविरामाएवढे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने नियमशास्त्रातील ज्या सर्वांत लहान अक्षराचा दाखला दिला ते हेच, एवढे सांगून ते आमच्याकडे पाहत राहत. आम्ही मात्र ती बावीस अक्षरे परीक्षेपुरतीच पाठ केली. अक्षर ही अर्थाच्या माडीवर जाण्याची पायरी आणि पायरीकडे कोणी टक लावून पाहत नाही, अशी आमची समजूत होती. ती समजूत ढळली ती पुढे बऱ्याच वर्षांनी, एका अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांचे पुस्तक हाती आले तेव्हा. पुस्तकातील उत्तरकालीन चित्रांच्या कोपऱ्यात नारिंगी-लाल रंगाची एक गुंतागुंतीची खूण होती. चिनी किंवा जपानी चित्रकार उमटवितात तशी ती मोहोर असावी असे प्रथम वाटले. नीट निरखल्यावर त्या गुंत्यातून एकेक रेघ सुटी झाली आणि ओळखीची वाटू लागली. हिब्रूची बावीसही अक्षरे तेथे एकमेकांत विणलेली होती. चित्रकाराचे नाव बेन शान.

शान यांचा जन्म १२ सप्टेंबर १८९८ रोजी लिथुआनियातील कोव्नो, म्हणजे आजच्या कौनास, या शहरी ज्यू कुटुंबात झाला. हा प्रदेश त्या वेळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. वडील लाकडावर नक्षीकाम करणारे कारागीर आणि विचाराने समाजवादी. झारच्या पोलिसांनी त्यांना १९०२ साली सायबेरियात धाडले. तेथून ते निसटले आणि दक्षिण आफ्रिकेच्या वाटेने अमेरिकेस पोहोचले. आई मुलांना घेऊन विल्कोमीर या गावी राहिली आणि १९०६ साली सारे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पुन्हा एकत्र आले. विल्कोमीरच्या चार वर्षांत लहानग्या बेनचे शिक्षण म्हणजे दिवसभर चालणारे बायबलचे पठण आणि हिब्रू अक्षरे गिरवणे. त्याची गोष्टींची पुस्तके म्हणजे उत्पत्ती आणि निर्गम, त्याचे नातलग म्हणजे अब्राहाम आणि याकोब.

त्या वयातील एक प्रसंग शान पुढे आवर्जून सांगत. कराराचा कोश बैलगाडीतून नेला जात असताना बैल अडखळले, कोश कलंडेल या भीतीने उज्जा नावाच्या माणसाने हात पुढे करून तो सावरला आणि त्या स्पर्शाबद्दल परमेश्वराने त्याला तेथेच ठार केले, ही शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील कथा वाचकांच्या परिचयाची आहे. ती ऐकून हा मुलगा संतापला. पडणारी वस्तू सावरणाऱ्याला मरणाची शिक्षा हा कोठला न्याय, असे त्याचे म्हणणे होते. मी स्वतः ही कथा वेदीवरून वाचली आहे आणि पावित्र्याचे भय, परमेश्वराचे गूढ अशा शब्दांनी तिची धार बोथटही केली आहे. त्या मुलाने ती धार बोथट होऊ दिली नाही. त्याच्या पुढील साऱ्या चित्रांत कोठे ना कोठे तो उज्जा पडलेला दिसतो.

घरची परिस्थिती ओढगस्तीची, त्यामुळे चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि तो एका शिळाप्रेसमध्ये उमेदवार म्हणून लागला. अभ्यास रात्रीच्या शाळेत. कारखान्यात त्याला महिनोन्‌महिने अक्षरेच काढावी लागत. रोमन अक्षरे त्याला मोठ्या आकारात गिरवून वळणदार करता येऊ लागली, पण ती ओळीत मांडली की शब्द विस्कटलेला दिसे. तेव्हा कारखान्यातील जाणत्या कारागिराने त्याला एक युक्ती सांगितली. तुझ्या हातात पाणी मोजण्याचा लहानसा पेला आहे असे समज. त्यातले पाणी दोन अक्षरांच्या मधल्या जागेत ओत. प्रत्येक जागेत तेवढेच पाणी मावले पाहिजे, कमी नाही आणि जास्त नाही. अक्षरांच्या आकारांमुळे मधले अंतर फूटपट्टीने सारखे करता येत नाही, ते डोळ्याने तोलावे लागते, हे त्या मुलाला एका वाक्यात उमगले. शान यांनी ही आठवण १९६३ साली अक्षरांवरील आपल्या पुस्तकात सांगितली आहे आणि माझ्या मते त्यांच्या चित्रकलेची किल्ली तिच्यात आहे. त्यांच्या चित्रांतील माणसेसुद्धा अशीच उभी असतात. दोन माणसांमधील रिकामी भिंत, रिकामे मैदान, त्यात किती एकाकीपण मावते हे त्यांनी जणू पेल्याने मोजलेले असते.

पुढील शिक्षण, युरोप आणि उत्तर आफ्रिकेचे प्रवास, पॅरिसच्या नव्या चित्रकारांचे अनुकरण आणि त्याचा आलेला कंटाळा हा भाग वेगाने ओलांडण्यास हरकत नाही. खरे शान आपल्याला भेटतात ते १९३१-३२ साली. निकोला साको हा चांभार आणि बार्तोलोमेओ व्हान्झेत्ती हा मासळी विकणारा, दोघे इटलीतून आलेले स्थलांतरित, विचाराने अराज्यवादी. १९२० साली मॅसेच्युसेट्समध्ये झालेल्या एका दरोड्यात दोघांचा खून झाला. त्याबद्दल साको व व्हान्झेत्ती यांच्यावर खटला चालला आणि २३ ऑगस्ट १९२७ रोजी त्यांना विजेच्या खुर्चीत देहदंड देण्यात आला. ते निर्दोष होते की नाही यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. पण त्यांना न्याय्य वागणूक मिळाली नाही, हे १९७७ साली त्याच राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीरपणे मान्य केले. शान यांनी या खटल्यावर तेवीस लहान चित्रे केली आणि पाठोपाठ एक मोठे चित्र केले. त्याच्या नावात त्यांनी जो शब्द वापरला तो आपण पवित्र शुक्रवारी वापरतो : दुःखसहन.

कॅथलिक वाचकाला येथे ठेच लागणे स्वाभाविक आहे. मलाही लागली. आयुष्याच्या अखेरीस श्रद्धेपासून दूर गेलेल्या दोन माणसांसाठी, तेही एका ज्यू चित्रकाराने, आपल्या प्रभूच्या यातनांचा शब्द का घ्यावा? चित्र मात्र आपल्याशी वाद घालीत नाही. दोन उघड्या शवपेट्या, त्यांत दोन करपलेले चेहरे. मागे उंच टोप्या आणि झगे घातलेले तीन प्रतिष्ठित गृहस्थ. शिक्षा योग्य असल्याचा निर्वाळा देणाऱ्या समितीचे हे सदस्य, त्यांत एका नामांकित विद्यापीठाचे अध्यक्षही आहेत. हातांत लिलीची पांढरी फुले. त्यांच्याही मागे न्यायालयाच्या भिंतीवर न्यायाधीश हात वर करून शपथ घेत असलेली तसबीर. यांतील कोणीही राक्षस नाही. सारे व्यवस्थित दाढी केलेले, सुसंस्कृत, नियमाने वागणारे. पिलाताने हात धुतले ते पाणीही स्वच्छच होते. आपल्या डोळ्यांसमोर आणखी एक क्रूसारोहण घडत आहे असे आपल्याला वाटले, असे शान यांनी पुढे सांगितले आहे. एका ज्यू माणसाला क्रूस आपलासा वाटला तो धर्मांतराच्या वाटेने नव्हे, निरपराधाच्या मरणाच्या वाटेने. नाझरेथचा येशूही ज्यूच होता हे आपल्याकडून किती सहज निसटते!

या चित्रात अक्षरे नाहीत. ती आली १९५८ साली, त्याच विषयाच्या छापचित्रात. व्हान्झेत्तीने अखेरच्या दिवसांत एका बातमीदारापुढे मोडक्यातोडक्या इंग्रजीत केलेले निवेदन शान यांनी त्या चित्रात हाताने लिहिले. हे लिहिताना त्यांनी शिळाप्रेसमध्ये कमावलेले सारे कसब बाजूला ठेवले. १९३५ ते १९३८ या काळात ते सरकारी खात्यासाठी दक्षिणेतील गरीब शेतकऱ्यांची छायाचित्रे घेत हिंडत असत. त्या भटकंतीत त्यांना दुकानांवर, कुंपणांवर, अडाणी हातांनी रंगविलेल्या पाट्या दिसल्या. जेथे रेघ बारीक हवी तेथे जाड, जेथे जाड हवी तेथे बारीक. कारागिराच्या दृष्टीने सारे चूक. शान यांनी त्या चुकांचीच एक लिपी बनविली आणि मोडकी भाषा बोलणाऱ्या मासळीवाल्याला ती दिली. सुबक टंकात ते निवेदन सरकारी वाटले असते. या लिपीत ते त्याच्या तोंडचे राहिले. अक्षराला शील असते हे मला या चित्राने शिकविले. १९६७ साली हाच विषय सिराक्यूज विद्यापीठाच्या भिंतीवर रंगीत तुकड्यांच्या जडावकामात साकारला.

आता एका अवघड प्रसंगाकडे वळले पाहिजे, कारण तो आपल्या घरातला आहे. १९३८ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील मुख्य टपाल कार्यालयात भित्तिचित्रे काढण्याचे काम शान आणि त्यांच्या सहचारिणी बर्नार्डा ब्रायसन यांच्याकडे आले. तेरा चित्रे, विषय अमेरिकेतील श्रम आणि संपत्ती. त्यांपैकी एकात कवी वॉल्ट व्हिटमन कष्टकऱ्यांसमोर उभा राहून फळ्याकडे बोट दाखवीत आहे आणि फळ्यावर त्याच्या कवितेतील मजकूर आहे. शान यांनी प्रथम निवडलेल्या ओळींचा आशय असा की काव्य, चर्च, कला नव्या साच्यात ओतावी, कदाचित त्यांचे काम संपलेही असेल, कोण जाणे. फोर्डहॅम विद्यापीठातील येशूसंघीय धर्मगुरू फादर इग्नेशियस कॉक्स यांनी या ओळींचा जाहीर निषेध केला. त्यांना त्या धर्माचा अपमान करणाऱ्या वाटल्या. वाद वाढला आणि शान यांनी त्या ओळी काढून व्हिटमनच्याच दुसऱ्या ओळी घातल्या.

फादर कॉक्स यांची बाजूही समजून घ्यावी. टपाल कार्यालय सरकारी, पैसा जनतेचा आणि तेथे तिकिटे घेण्यास येणाऱ्यांत साध्या कॅथलिक घरांतील माणसे पुष्कळ. मेंढपाळाने ओरडावे हे त्याचे कामच आहे. तरीही टीकाकार या नात्याने मला असे म्हणावेसे वाटते की त्यांनी ओळी अर्ध्याच वाचल्या. व्हिटमनने जे म्हटले ते कंसात म्हटले आहे, आणि ते निवाडा म्हणून नव्हे, शंका म्हणून. शंकेला निवाडा समजणे ही आम्हां धर्मगुरूंची जुनी खोड. माझ्या एका धर्मग्रामात नाताळच्या नाटिकेत एका तरुणाने मेंढपाळाच्या तोंडी दोन प्रश्न घातले होते. देवदूत राजवाड्यात न जाता आमच्याकडेच का आला आणि आमची थंडी त्याने का घालविली नाही. मी ती वाक्ये लाल शाईने काटली. नाटिका सुरळीत झाली. त्या तरुणाने पुन्हा काही लिहून माझ्याकडे आणले नाही.

शान यांनी याला उत्तर दिले ते चित्रानेच. १९३९ सालच्या त्या चित्रात चर्चबाहेर भाविक स्त्रिया चालल्या आहेत आणि जवळच स्वतः शान कॅमेरा घेऊन उभे आहेत. कॅमेरा असा की तो समोर पाहतो असे भासते, पण चित्र टिपतो बाजूचे. चर्चच्या फलकावर त्या आठवड्याच्या प्रवचनाचा विषय लिहिला आहे : सरकार कलेतील अधर्माला खतपाणी घालीत आहे काय? चित्राच्या नावातही शान यांनी स्वतःला चर्चला जाणाऱ्यांच्या मध्ये उभे केले आहे, त्यांच्या विरुद्ध नव्हे. विनोद आहे, पण त्यात विष नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सरकारसाठी जी भित्तिपत्रके केली त्यांतील एकाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. हायड्रिख या नाझी अधिकाऱ्याच्या हत्येचा सूड म्हणून १० जून १९४२ रोजी चेक देशातील लिदित्से या कॅथलिक वस्तीच्या खेड्यातील पुरुषांना ओळीने उभे करून गोळ्या घालण्यात आल्या, स्त्रियांना छळछावणीत पाठविण्यात आले आणि गाव जमीनदोस्त करून त्याचे नावही रद्द करण्यात आले. मारल्या गेलेल्यांत गावचे त्र्याहत्तर वर्षांचे धर्मगुरू योसेफ श्टेम्बेर्का होते. शान यांच्या पत्रकात विटांच्या भिंतीपुढे एक धिप्पाड माणूस उभा आहे. डोक्यावर बुरखा, हातांत बेड्या. त्याच्या अंगावरून तारेच्या पट्ट्यांसारखी अक्षरे गेली आहेत आणि त्यांत बर्लिन आकाशवाणीची ती कोरडी घोषणा आहे. चित्रकाराने स्वतःचा एकही शब्द घातलेला नाही. नाव पुसल्याची बातमी देणाऱ्या ओळींतच ते नाव कायमचे लिहिले गेले. ख्रिस्ती खेड्याच्या हत्येची साक्ष एका ज्यू चित्रकाराने दिली आणि त्याच काळात त्याच्या स्वतःच्या लिथुआनियातील ज्यू वस्त्या नामशेष होत होत्या. विल्कोमीरही त्यांतून सुटले नाही.

युद्धानंतर शान यांच्या चित्रांत हिब्रू अक्षरे उघडपणे येऊ लागली. काही समीक्षक याला म्हातारपणीचे परतणे म्हणतात. ते मला पटत नाही. वल्हांडण सणाच्या रात्री ज्यू घरांत जी हग्गादा वाचतात, तिची चित्रे शान यांनी १९३१च्या सुमारास, म्हणजे साको-व्हान्झेत्तीच्या आधीच काढली होती. ती पुस्तकरूपाने आली मात्र १९६५ साली. गुलामगिरीतून सुटकेची ही कथा मराठीतही आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. आपल्या कोकणातील बेने इस्रायल बांधवांसाठी हिब्रूबरोबर मराठी अर्थ दिलेली हग्गादा १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली आणि १८७४ साली पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. एकाच पानावर हिब्रू उजवीकडून चालत येते, मराठी डावीकडून, आणि दोघी मध्ये भेटतात. शिळाप्रेसमध्ये वाढलेल्या शान यांना ते पान पाहून आनंदच झाला असता.

अक्षरांवरील त्यांचे सर्वांत देखणे काम म्हणजे १९५४ साली निघालेले सृष्टीच्या वर्णमालेचे छोटे पुस्तक. त्यातील कथा तेराव्या शतकात स्पेनमध्ये पुढे आलेल्या जोहर या गूढग्रंथातील. परमेश्वर सृष्टी निर्माण करणार हे कळताच बावीस अक्षरे एकेक करून त्याच्या पुढे येतात, शेवटचे ताव सर्वांत आधी. प्रत्येकाची विनवणी एकच : माझ्यापासून जग निर्माण कर. प्रत्येकाचा गुण परमेश्वर मान्य करतो आणि दोषही दाखवितो. ज्या अक्षराने सत्याचा शब्द संपतो त्याच अक्षराने मृत्यूचा शब्दही संपतो. अखेरीस बेथ पुढे येते, आशीर्वादाच्या शब्दाचे पहिले अक्षर, आणि तिची निवड होते. म्हणूनच उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला शब्द बेथने सुरू होतो. आलेफ मात्र मागेच उभे राहते, काही मागत नाही. त्याला वर्णमालेचे पहिले स्थान मिळते. दहा आज्ञांचा आरंभही आलेफनेच होतो. शान यांच्या रेखाटनांत ही अक्षरे भारदस्त शास्त्रीबुवांसारखी नाहीत. काही अंग चोरून उभी आहेत, काही तोरा मिरवीत आहेत. रांगेत उभ्या असलेल्या स्थलांतरितांसारखी, हातात आपापले कागद घेतलेली.

ताव या अक्षराजवळ मी थोडा थांबलो. प्राचीन लेखनात त्याचा आकार क्रूसासारखा होता. यहेज्केलाच्या दृष्टांतात कपाळावर जी खूण केली जाते ती या अक्षराची, असे ख्रिस्तसभेच्या आद्य पित्यांनी मानले आणि आसिसीचे संत फ्रान्सिस तर याच चिन्हाने आपली सही करीत. हे सारे मला प्रिय आहे. पण शान यांचे पुस्तक मिटताना एक संकोच वाटला. या बावीस अक्षरांतून आपण आपले अक्षर तेवढे उचलतो आणि उरलेली एकवीस परत करतो, असे तर होत नाही? २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ज्यू समाजाविषयीचे आपले घोषणापत्र स्वीकारले आणि शतकानुशतकांच्या आरोपांवर पडदा टाकला. त्यानंतर वाढलेल्या आमच्या पिढीने तरी या अक्षरांकडे आधी त्यांच्या धन्याच्या डोळ्यांनी पाहायला हवे. आपला अर्थ नंतर.

शान यांचे सगळेच काम मला सारखे आवडते असे नाही. अणुस्फोटाच्या राखेने १९५४ साली आजारी पडलेल्या जपानी मासेमाऱ्यांवरील मालिकेत काही चित्रे हेलावून टाकतात, तर काहींत आकाशातील राक्षसी ढग आपल्याला घाबरविण्याचा फारच प्रयत्न करतो. शेवटच्या दशकातील काही छापचित्रांत हिब्रू ओळ शोभेपुरती उरते. सोनेरी वर्ख आहे, वळण आहे, पण पेल्यातील पाणी सांडलेले आहे. क्लेमेंट ग्रीनबर्गसारख्या समीक्षकांनी त्यांना थोर चित्रकारांच्या पंक्तीत बसविले नाही. १९५४ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात ज्यांच्याबरोबर त्यांनी अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले त्या डी कूनिंग यांचा अमूर्त मार्ग पुढे राजमार्ग ठरला आणि शान गोष्ट सांगणारे म्हणून मागे पडले. २०२५ साली न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयात त्यांच्या साऱ्या कामाचे प्रदर्शन पुन्हा भरले. पण गोष्ट सांगणे हा चित्रकाराचा गुन्हा आहे, हे दाखल्यांनी शिकविणाऱ्या गुरूच्या शिष्यांना कसे पटावे?

१९६४ साली, वयाच्या पासष्टीत, शान यांनी ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायावर एक चित्र केले. सर्वस्व गमावलेला ईयोब न्याय मागतो आणि परमेश्वर वावटळीतून त्याला उलट विचारतो की मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास. उज्जाच्या मरणावर संतापलेल्या मुलाने आयुष्यभर परमेश्वराला, न्यायाधीशांना, सरकारांना जे विचारले त्याचे हे उत्तर, आणि तेही प्रश्नाच्या रूपात. शान यांनी ते हिब्रूत लिहिले, भोवती सोन्याचा वर्ख दिला. उत्तराने त्यांचे समाधान झाले की नाही हे चित्रात कोठे दिसत नाही. अक्षरे मात्र ठसठशीत आहेत, आणि या वेळी त्यांच्या मधल्या जागा अगदी बरोबर मोजलेल्या आहेत. त्यानंतर पाच वर्षांनी, १४ मार्च १९६९ रोजी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.